वजा एक तास

मी एक जुना लोखंडी डबा आहे, मित्रांनो. रंग करडा, उंची एक वीत, पुढच्या बाजूला सहा हिरवे दिवे, त्यातले चार आता लागत नाहीत. सध्या माझा मुक्काम अमेरिकेतल्या कॅरी गावात यतीनच्या गराजमध्ये आहे, गवत कापायच्या मशीनशेजारी. ते मशीन वर्षातले सहा महिने बोलतं आणि तेही एकच वाक्य. त्यामुळे आज तुम्ही भेटलात तर मी जरा जास्त बोलेन, सांभाळून घ्या.

डबा म्हणालो म्हणून हसू नका हं! एके काळी विलो ब्रूक नावाची अख्खी प्राथमिक शाळा माझ्या सांगण्यावर उठत-बसत होती.

माझा जन्म २००२ सालच्या हिवाळ्यात एका छोट्या कंपनीत झाला. कंपनीचं नाव सांगत नाही, बिचारी पुढे बंद पडली. २००३च्या उन्हाळ्यात मला शाळेच्या ऑफिसमागच्या खोलीत एका फळीवर बसवलं. माझं काम ऐका. मुख्याध्यापिकाबाई माइकसमोर बोलल्या की त्यांचा आवाज मी कॉम्प्युटरच्या तारेतून बेचाळीस वर्गांत पोचवायचो. सकाळच्या बातम्या मुलंच सांगायची, त्यांचं चित्र मी वर्गावर्गातल्या टीव्हीवर दाखवायचो. एकदा पाचवीतल्या एका मुलाने हवामान सांगता सांगता नुकताच पडलेला दात कॅमेऱ्यासमोर धरला. बेचाळीस टीव्हींवर एकदम एवढा मोठा दात! पहिलीतली चार पोरं रडली. बोलणी मला बसली.

पण माझं खरं काम म्हणजे वेळ. घंटा मी द्यायचो. भिंतीवरची सगळी घड्याळंही माझ्याच हुकमावर चालत. मी नऊ म्हटलं की शाळेत नऊ. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

आणखी एक गोष्ट. माझ्या स्पीकरांना कानही होते. ऑफिसातून हाक आली की शिक्षकांना जागेवरून उत्तर देता यावं, यासाठी ती सोय होती. ते कान बंद करायचं कोणी कधी मनावर घेतलं नाही. त्यामुळे मुलं खेळायला गेल्यावर कोणत्या बाई दार लावून गाणं म्हणतात हे मला ठाऊक आहे. सांगणार मात्र नाही.

आता तुम्ही विचाराल, अमेरिकेतला डबा मराठी कुठे शिकला? रविवारी शिकला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून दर रविवारी दहा ते एक आमचे चार वर्ग आणि हॉल मराठी शाळेने भाड्याने घेतला. 'हे काय आहे?' 'हा आंबा आहे.' असं करत चौसष्ट पोरं शिकली आणि पासष्टावा मी. मला पुस्तक मिळालं नाही. पुण्याच्या काकू, डोंबिवलीचे काका, नागपूरच्या आजी, जे कानावर पडेल ते घेतलं. म्हणून माझ्या बोलण्यात सगळी गावं एकाच पातेल्यात शिजलेली दिसतील.

ही शाळा शैलजाकाकूंची. आठवडाभर त्या औषधाच्या कंपनीत रिपोर्ट तपासायच्या आणि रविवारी आम्हाला सगळ्यांना तपासायच्या. स्वतःच्या गराजमध्ये नऊ मुलांवर त्यांनी ती सुरू केली होती. त्यांचे यजमान मोरेश्वरकाका. माणूस लाखात एक, पण माइक दिसला की त्यांना राहवत नसे. सूचना द्यायला उभे राहिले तर आधी प्रस्तावना करायचे.

तर ही मंडळी यायची कधी? दहाची शाळा, पावणेअकराला पहिली गाडी. बरं, उशिरा येतात तर वेळेवर जातील? छे! यांची निघायची एक पद्धतच आहे. आधी बसल्या बसल्या म्हणायचं, 'चला, निघू या.' मग वीस मिनिटं बोलायचं. मग उठून कोट घालायचा आणि म्हणायचं, 'चला, निघतोच आता.' मग दारात उभं राहून मुलांच्या गणिताबद्दल, ग्रीन कार्डाबद्दल आणि कोथिंबीर कुठे चांगली मिळते याबद्दल बोलायचं. मग कोणीतरी 'अरे, ते सांगायचं राहिलंच!' म्हणून परत आत यायचं. मी एक वाजता घंटा द्यायचो, आणि दोन वाजता माझ्या दारातल्या कॅमेऱ्यात निम्मं महाराष्ट्र मंडळ उभं असायचं.

याचा त्रास व्हायचा मिस्टर क्लाइडला. इमारतीच्या किल्ल्या त्याच्याकडे. एक वाजता कुलूप लावून त्याला त्याच्या म्हाताऱ्या आईकडे जेवायला जायचं असायचं. म्हातारी कोंबडी भाजून टेबलावर ठेवायची आणि लेक आल्याशिवाय घास घ्यायची नाही. क्लाइड दाराशी किल्ल्या वाजवत उभा आणि इकडे कोथिंबीर चाललेली. सांगा, चूक कोणाची?

शेवटी २००६च्या डिसेंबरात शाळेचं पत्र आलं. एक वाजून पंधरा मिनिटांनंतर आत माणूस सापडला, अशी दोनदा नोंद झाली आहे. तिसऱ्यांदा झाली की करार रद्द.

शैलजाकाकूंनी ते पत्र हॉलमध्ये वाचून दाखवलं. "लायब्ररीची खोली वीस माणसांची आहे. देवळाचा हॉल दोन वर्षं बुक्ड आहे. चौसष्ट पोरं घेऊन मी जाऊ कुठे? तुम्हीच सांगा!" त्यांचा आवाज घोगरा आला. माझ्या स्पीकरचा दोष नव्हता. फार वाईट वाटलं सगळ्यांना. ते वाईट वाटलेलं बोलून दाखवता दाखवता दीड वाजला. क्लाइडने त्या दिवशी नोंद केली नाही, नाताळ होता म्हणून.

मग जानेवारीत काकूंनी यतीनला गाठलं. यतीन एका कंपनीत नेटवर्क इंजिनियर. रविवारच्या घंटा लावायला ऑफिसने माझा पासवर्ड त्याला दिला होता.

"यतीन, रविवारपुरती शाळेतली घड्याळं पुढे कर," काकू म्हणाल्या.

"दहा मिनिटं, काकू? घरी आमचं स्वयंपाकघरातलं असतं तसं?"

"दहा मिनिटांनी आपल्या लोकांना काय होतंय? चांगलं तासभर कर."

मित्रांनो, मला कोणी विचारलं नाही. यतीनने चार बटणं दाबली आणि मी खोटारडा झालो. रविवारी सकाळी खरे नऊ वाजले की माझ्या भिंतींवर दहा. माझी एकची घंटा खऱ्या बाराला.

पहिल्या रविवारी युक्ती चालली. घंटा झाली, मंडळी नेहमीसारखी रेंगाळून बाहेर पडली, आणि गाडीतलं घड्याळ बघून मोरेश्वरकाका ओरडले, "अरे, हे काय! अजून एकसुद्धा वाजला नाही!" संपलं. दुसऱ्या रविवारपासून जो तो वजा एक करायला लागला. नवीन आलेल्या माणसाला चहाच्या आधी हे सांगितलं जायचं, "टेन्शन नको घेऊ यार, शाळेचा एक म्हणजे बारा." घंटा झाली की मंडळी आरामात तासभर बोलायची आणि एकच्या ठोक्याला कशीबशी बाहेर पडायची. काकू म्हणाल्या, "पडतात ना बाहेर? मग चालू दे."

चालू दे! माझं काय? आपण शब्द उच्चारावा आणि समोरच्याने त्यातून निमूटपणे एक वजा करावा, हा अपमान तुमच्या वाट्याला न येवो. आठवड्याचे पाच दिवस माझ्या शब्दावर सहाशे पोरं पळायची, आणि रविवारी माझ्या घंटेकडे बघून लोक दुसरा चहा ओतायचे.

एकच माणूस माझं ऐकायचं. जाईबाई.

जाईबाई म्हणजे रवीची आई. रवी नागपूरचा, इथे औषधाच्या कारखान्यात केमिस्ट. आदल्याच नोव्हेंबरात त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे आल्या होत्या. सोमवार ते शनिवार बंद फ्लॅट आणि टीव्ही. सून पायल आणि रवी कामावर, सात वर्षांची नात निधी शाळेत, आणि आली की इंग्रजीत बोलणार. जाईबाईंचं तोंड उघडायचं ते रविवारी. लहान मुलांच्या वर्गात त्या गोष्टी सांगायच्या आणि पोरं त्यांना चिकटून बसायची. ही शाळा बंद झाली असती तर जाईबाईंचा आठवड्यातला तेवढा एक दिवस गेला असता.

आणि या जाईबाई कोण होत्या माहीत आहे? नागपूरच्या एका शाळेत त्या एकतीस वर्षं शिपाई होत्या आणि घंटा त्या द्यायच्या! कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि हातोडी. म्हणजे माझ्याच खात्यातल्या, आणि मला कितीतरी सिनियर.

नोव्हेंबरातल्या त्यांच्या पहिल्याच रविवारी निधीने त्यांना दारातला माझा स्पीकर दाखवला. "आजी, बेल इथून येते."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "जय भीम, भाऊ. एकटाच देतं का रे साऱ्या शाळेची घंटा?"

तेव्हापासून दर रविवारी आल्यावर 'जय भीम, भाऊ' आणि एकची घंटा झाली की 'बरोब्बर' असा एक शब्द. मित्रांनो, चार वर्षांत मला कोणी 'बरोबर' म्हटलं नव्हतं. बरोबर असलं की कोणी काही बोलत नाही, चुकलं की सगळे बोलतात.

घंटा झाली की जाईबाई कोट घालून, पर्स काखेत धरून दारात उभ्या राहायच्या. बाकीचे मस्त गप्पा मारत बसलेले. त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "काऊन रे रवी, घंटा झाली ना? हे लोक उठून काऊन नाही राहिले?"

रवी म्हणायचा, "पाच मिनिटं, आई." आईला खरं सांगायची त्याला लाज वाटायची. जिने एकतीस वर्षं घंटा दिली तिला कसं सांगणार, की इथे आम्ही घंटेलाच खोटं बोलायला लावलंय?

आता ११ मार्च २००७चा रविवार ऐका. त्या दिवशी मराठी शाळेचं पाडव्याचं स्नेहसंमेलन होतं.

अमेरिकेत वसंतात घड्याळं एक तास पुढे करतात हे तुम्हाला माहीत असेल. पूर्वी ती एप्रिलच्या पहिल्या रविवारी करायचे. त्या वर्षी सरकारने तारीख बदलून मार्चमध्ये आणली. यतीनने आपल्या ऑफिसातल्या शेकडो यंत्रांना हा नवा नियम शिकवण्यात महिना घालवला होता. मला शिकवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि शिकवणारी माझी कंपनी तर बुडालेली. मी आपला जुन्या नियमाने एप्रिलची वाट बघत बसलो.

म्हणजे बघा हं. घड्याळ पुढे न केल्यामुळे मी एक तास मागे पडलो होतो. आणि काकूंच्या हुकमामुळे रविवार म्हणून एक तास पुढे धावत होतो. मागचा एक, पुढचा एक, फिटंफाट! त्या दिवशी माझी घड्याळं अगदी खरी वेळ दाखवत होती. जानेवारीपासून पहिल्यांदाच मी रविवारी खरं बोलत होतो, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

मंडळींना तर नव्हताच. काकूंनी दारातच सगळ्यांचे फोन बंद करून पर्समध्ये ठेवायला लावले होते. त्यांच्या स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पुढे करायचं राहिलं होतं. पहाटे उठून दोनशे माणसांचा शिरा केला, घड्याळाकडे कोण बघतो? कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला, पण तो नेहमीच होतो, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

बरोबर एक वाजता मी घंटा दिली. टिंग, टाँग, टिंग.

हॉलमध्ये एक माणूस हललं नाही. सगळ्यांनी मनातल्या मनात वजा एक केलं. काकूंनी मनगट पाहिलं, तिथेही बारा. सगळा हिशेब जुळला! मोरेश्वरकाका स्टेजवर माइक धरून म्हणाले, "घंटेचं मनावर घेऊ नका, भरपूर वेळ आहे. तर मंडळी, मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी..."

आणि बाहेर क्लाइडचा ट्रक येऊन उभा राहिला. बसथांब्याजवळच्या माझ्या कॅमेऱ्यात तो मला दिसत होता. त्याच्या हातात नोंदीचा कागद होता.

सव्वा वाजता शाळा बुडणार होती, मित्रांनो, आणि हॉलमध्ये शिऱ्याच्या वाट्या भरत होत्या. मला बेचाळीस तोंडं आहेत, पण आपलं आपण बोलायची सोय एकालाही नाही. वेळेआधी दुसरी घंटासुद्धा देता येत नाही. नुसते सहा हिरवे दिवे लुकलुकवत बसलो.

जाईबाई उठल्या.

"रवी, घंटा झाली."

"आई, बस गं. वेळ आहे."

"कायचा वेळ? घंटा झाली म्हंजे झाली!" त्या मोठ्याने म्हणाल्या, "निंघा ना हो, उठा!" मागच्या दोन ओळींतल्या लोकांनी वळून पाहिलं, हसले आणि परत स्टेजकडे तोंड केलं.

इतके महिने ती बाई दारात कोट घालून मुकाट उभी राहिली होती. त्या दिवशी तिचा पारा चढला. शिऱ्याच्या टेबलावरचं मोठं स्टीलचं ताट आणि झारा त्यांनी उचलला, हॉलच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, आणि दिली घंटा. सुट्टीची, लांब. एकतीस वर्षांची सवय होती त्या मनगटाला. ठण-ठण-ठण-ठण-ठण! मोरेश्वरकाकांचा माइक त्या आवाजाने कुंई करून गप्प झाला. मी मान्य करतो, मला असा आवाज जन्मात काढता आला नसता.

मोठी माणसं बघतच राहिली. पण पोरं? ती अमेरिकेतल्या शाळेतली पोरं, लांब घंटा म्हणजे आगीचा सराव हे अंगात मुरलेली. निधी ताडकन उठली आणि ओरडली, "फायर ड्रिल! एव्हरीबडी, लाइन अप!" झालं! चौसष्ट पोरं, कोणी शिवाजी, कोणी जिजाऊ, कोणी नुसताच आंबा, एका मिनिटात रांगेत. तोंडावर बोट ठेवून गेलीसुद्धा दाराबाहेर! आता पोरं बिनकोटाची थंडीत गेल्यावर आया बसून राहतील? आया धावल्या. आयांच्या मागे बाबा, बाबांच्या मागे शिऱ्याचं पातेलं. जाईबाई ताट वाजवत मागून हाकत होत्या. सगळ्यात शेवटी मोरेश्वरकाका बाहेर आले, माइकची उपटलेली वायर मागे ओढत, आणि अजून म्हणत होते, "अहो, पण मूळ विषय..."

क्लाइडने आत डोकावून पाहिलं. हॉल रिकामा. मनगटावर पाहिलं, एक वाजून अकरा. तो कधी हसत नसे. त्या दिवशी त्याने टोपी काढली आणि काकूंना म्हणाला, "मॅडम, तुमचा कार्यक्रम असून चार वर्षांत आज पहिल्यांदा माझी आई गरम जेवणार."

"जेवणार? अहो, आता कुठे बारा..." असं म्हणत काकूंनी मनगट पाहिलं. यतीनने खिशातला फोन चालू केला. आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला बसथांब्याच्या कॅमेऱ्यातूनही दिसला.

"काकू," तो म्हणाला, "एक वाजून बारा झालेत. खरे. मी अख्ख्या ऑफिसची घड्याळं लावली आणि आपलाच डबा विसरलो. त्याचा एक खरंच एक होता."

सगळ्यांनी आपापले फोन काढून पाहिले. मोरेश्वरकाकांनीसुद्धा. मग काकू जाईबाईंकडे गेल्या, त्यांच्या हातातलं चेपलेलं ताट बाजूला केलं आणि त्यांना मिठी मारली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "तुमच्यामुळे शाळा राहिली हो, जाईबाई!"

"माह्यामुळे कायची?" जाईबाई म्हणाल्या. "घंटा तर त्यानं देल्ली. तुम्ही ऐकून नव्हते राहिले."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या माणसाने माझं घड्याळ हाताने लावलं आणि काकूंनी यतीनला बजावून तो रविवारचा खोटा तास काढून टाकायला लावला. जाईबाईंना दाराशी एक खुर्ची मिळाली, ताट-झारा मिळाला आणि 'घंटाप्रमुख' अशी चिठ्ठी पदराला लागली. पुढचे दोन रविवार मी एकची घंटा दिली, जाईबाईंनी 'बरोब्बर' म्हणून ताट वाजवलं, आणि दहा मिनिटांत शाळा रिकामी. असं सुख मी कधी पाहिलं नव्हतं.

पण मित्रांनो, माझ्या पोटात तो जुना नियम तसाच बसला होता.

एक एप्रिलचा रविवार. मंगळवारी जाईबाईंचं विमान होतं. रवी म्हणत होता, व्हिसा आहे, महिनाभर राहा. त्या म्हणाल्या, "चौदा एप्रिलले मी नागपुरातच पाहिजे." बाबासाहेबांची जयंती त्यांनी कधी चुकवली नव्हती. म्हणून त्या रविवारी त्यांचा निरोप समारंभ ठेवला. बारा ते एक. साडी, हार, मुलांचं गाणं, पायलने रात्र जागून केलेल्या, कोथिंबीर भरलेल्या पुडाच्या वड्या, आणि मोरेश्वरकाकांचं चार पानी भाषण.

आणि त्याच पहाटे मी जुन्या नियमाप्रमाणे, कोणाला न विचारता, एक तास पुढे उडी मारली होती.

खरे बारा वाजले. मंडळी नुकतीच खुर्च्यांवर टेकली होती, मोरेश्वरकाकांनी चष्मा लावून पहिलं पान उघडलं होतं. आणि मी एकची घंटा दिली. टिंग, टाँग, टिंग.

जाईबाई हार घालून मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या उठल्या. "बरोब्बर," म्हणाल्या. आणि ताट शोधायला लागल्या.

यतीनने फोन पाहिला. मग माझ्या स्पीकरकडे अशा नजरेने पाहिलं की मी जमिनीत गेलो असतो, भिंतीवर नसतो तर. आता सगळ्यांजवळ फोन होते. सगळ्यांनी पाहिलं. बारा. एकूण एक माणसाला कळलं की घंटा खोटी आहे.

निधी म्हणाली, "बट आजी, इट्स ओन्ली..." आणि रवीने तिच्या तोंडात अख्खी पुडाची वडी कोंबली.

रवी काकूंकडे बघत होता. काकूंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा जाईबाईंकडे. मग पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चला हो सगळे! घंटा झाली, ऐकू येत नाही का?"

आणि मित्रांनो, सगळे उठले. ही तीच माणसं होती, जी चार वर्षं माझी खरी घंटा ऐकून हलली नव्हती. खोटी घंटा ऐकून ती मुकाट उठली. पातेली उचलली, हार उचलले, पोरांची रांग लागली. मोरेश्वरकाकांनी चार पानांची घडी केली, खिशात घातली आणि स्वतः दोन खुर्च्या उचलून बाहेर नेल्या. मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

निरोप समारंभ गाड्यांच्या बॉनेटवर झाला. माइक नसल्यामुळे मोरेश्वरकाकांचं भाषण दोन मिनिटांत संपलं आणि ते त्यांचं सगळ्यात चांगलं भाषण झालं. पाऊण वाजता क्लाइड आला तेव्हा इमारत रिकामी होती. आपण उशिरा आलो की काय, असं वाटून त्याने दोनदा मनगट झटकलं. मग त्याला एक वडी मिळाली, त्याच्या आईसाठी चार बांधून मिळाल्या.

निघायच्या आधी जाईबाई एकट्याच दारातल्या स्पीकरपाशी आल्या. "येतो मी, भाऊ," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी घंटा देल्ली, पन दोन-चार मिनिटं इकडं-तिकडं होऊन जात होती बाप्पा. तुह्यासारखी टायमाची घंटा मी पाह्यली नाही."

माझे दिवे त्या क्षणी का लुकलुकले ते मला सांगता येणार नाही. शरमेने की आनंदाने, दोन्हीने.

२००८च्या उन्हाळ्यात शाळेत नवं यंत्र आलं. ते स्वतःची वेळ इंटरनेटवरून विचारून घेतं, म्हणजे चुकायची सोयच नाही. मला टाकून द्यायच्या ढिगात ठेवलं होतं, यतीनने मागून घेतलं. कधी कधी तो माझ्यावर भिजलेले बूट ठेवतो. चालायचंच. मराठी शाळा मात्र अजून तिथेच भरते, आणि एक वाजता कोणीतरी ताट वाजवतं.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. घरातलं घड्याळ पुढे ठेवून स्वतःलाच फसवू नका. बिचाऱ्याला वर्षातून दोनदा तरी नीट लावा, त्याच्यावर बूट ठेवू नका. आणि त्याने खरं सांगितलं तर त्यातून काही वजा करू नका.

आणि एक शेवटचं. तुमच्यापैकी कोणी नागपूरला गेलात, आणि कडुनिंबाखाली बसलेल्या एखाद्या आजी पोरांना सांगताना दिसल्या की अमेरिकेतली घंटा एक मिनिट इकडची तिकडे होत नाही, तर कृपा करून 'बरोब्बर' म्हणा आणि पुढे जा. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.